बस तू, मी आणते

फेब्रुवारी २०२४. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी माझ्या दोन्ही गुडघ्यांचा एक्सरे लाइटवर लावला, पेनाच्या टोकाने आतल्या बाजूची फट दाखवली आणि म्हणाले, "थोडो घसारो छे, बेन. उंमर प्रमाणे." मी जन्मापासून बडोद्याची, गुजराती मला मराठीइतकीच येते, त्यामुळे घसारो म्हणजे झीज हे लगेच कळलं, पण मी चोवीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे, मकरपुऱ्याच्या एका कारखान्याची पुस्तकं बघते, आणि आमच्या धंद्यात घसारा म्हणजे डेप्रिसिएशन. त्यामुळे तो एक शब्द कानावर पडला आणि माझ्यासमोर दर ३१ मार्चचा तक्ताच उभा राहिला. मशिनरीवर १५ टक्के, फर्निचरवर १०, कॉम्प्युटरवर ४०. दर वर्षी किंमत खाली जाते, वापरून ती वर गेलेली मी कधी पाहिली नाही.

इन्कम टॅक्समध्ये एक नियम आहे, मशीन ज्या वर्षी घेतलं त्या वर्षी ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं असेल तर घसारा निम्माच धरायचा. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं की हाच नियम मी नकळत उचलून गुडघ्याला लावला. वापर कमी, घसारा कमी. दवाखान्यातून रिक्षात बसेपर्यंत माझं ठरूनही गेलं होतं की आजपासून गुडघे जपायचे, जितके कमी वापरू तितके जास्त वर्षं पुरतील. डॉक्टर असं काहीच बोलले नव्हते बरं का. त्यांनी कागदावर गुडघ्याला वरून लावायचं दुखण्याचं जेल लिहून दिलं होतं, वजन कमी करा लिहिलं होतं आणि खाली ठळक अक्षरात फिजिओथेरपी असंही लिहिलं होतं. मी जेल घेतलं आणि बाकीच्या कागदाची घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, ती तिथे सात महिने राहिली.

सुरुवात त्याच्याही आधीच झाली होती. ऑफिसचा जिना चढताना काही नाही पण उतरताना उजव्या गुडघ्यात आतून टोचायचं, तासभर खुर्चीत बसून उठलं की पहिली चार पावलं लाकडासारखी पडायची आणि मग आपोआप सुटायचं, सकाळी उठल्यावर दहापंधरा मिनिटं तसंच. देवघरासमोर मांडी घालून बसले की उठताना हात टेकवावा लागायचा. आणि २०२३ च्या नवरात्रात आठव्या रात्री गरब्यात एक गिरकी घेताना गुडघ्यात अशी कळ आली की मी वर्तुळातून बाहेर येऊन मैदानाच्या कडेला बसले, ती उरलेली रात्र आणि नववी रात्र दोन्ही गेल्या. बडोद्यात राहणाऱ्या बाईला नवरात्राच्या दोन रात्री जाणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. आम्ही घरात गणपतीच्या आरत्या मराठीतून म्हणतो, पण गरबा आम्हालाही तितकाच आतून येतो, मी सहा वर्षांची असल्यापासून खेळतेय.

रिपोर्टवर ग्रेड २ असं लिहिलेलं होतं. ही मोजण्याची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ मध्ये मांडली, शून्य ते चार अशी, आणि दोन म्हणजे हाडाच्या कडांना नव्या हाडाची बारीक टोकं नक्की दिसायला लागली आहेत, फट कदाचित थोडी कमी झाली आहे. म्हणजे सुरुवातच. आपल्याकडे सगळे सर्रास म्हणतात की गुडघ्यात गॅप आलाय, आमच्या घरी तर आईच्या वेळेपासून हाच शब्द आहे, पण खरं तर ते उलटं आहे. एक्सरेत दोन हाडांमध्ये जी मोकळी जागा दिसते ती मोकळी नसतेच, तिथे कूर्चा असते, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, ती एक्सरेत उमटत नाही म्हणून फट दिसते. कूर्चा पातळ झाली की दोन हाडं जवळ येतात आणि गॅप कमी होतो. म्हणून तर हा एक्सरे उभं राहून काढायचा असतो, झोपून काढला तर अंगाचा भार नसतो आणि फट आहे त्यापेक्षा बरी दिसते.

तर मी गुडघे जपायला लागले. कमाटीबागेत रोज सकाळी एक फेरी असायची माझी, तिकडच्या पुलावरून जाऊन फुलांच्या घड्याळापाशी वळून यायचं, ती बंद केली. ऑफिसात लिफ्ट. खाली बसणं बंद, देवपूजासुद्धा स्टुलावर. घरात तर काय, नवरा आणि लेक दोघंही जीव लावणारे, मी उठायला लागले की दोघांतलं कुणीतरी म्हणायचं, "बस तू, मी आणते", "बस तू, मी बघतो". पाणी हातात, चहा हातात, फोन चार्जिंगला लावायचा तरी कुणीतरी धावायचं. मला बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही? मराठी घरात माया दाखवायची असली की आपण "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं थोडंच म्हणतो, आपण म्हणतो बस तू, मी आणते.

आणि हे वाक्य मी स्वतः आईला किती वर्षं म्हटलं.

आमचं जुनं घर दांडिया बाजारात. लाकडी दादर, सतरा पायऱ्या, इतका उभा की उतरताना खालच्या माणसाच्या डोक्याचा मध्य दिसायचा, आणि कठड्याच्या जागी वरच्या तुळईला बांधलेला एक जाड दोर, तीन पिढ्यांच्या हातांनी काळा आणि गुळगुळीत झालेला. आई त्या दोराला हात न लावता चढायची. खंडेराव मार्केटातून भाजी आणायची, दोन्ही हातात पिशव्या, आणि पदर दातात धरून सरळ वर. मग पन्नाशीनंतर तिचे गुडघे दुखायला लागले. आम्ही भावंडं कमावती झालो होतो, आम्हाला वाटलं आता आईने का दगदग करायची. पहिल्यांदा भाजी गेली, "बस तू आई, मी येताना आणते". मग सूरसागरच्या काठाकाठाने संध्याकाळी जायची ते गेलं, कारण परत येताना दादर. मग एकादशीचं विठ्ठलमंदिर गेलं, वर्षातून दोन मोठ्या एकादश्यांना तेवढी रिक्षाने नेऊन आणायचो. मग खालच्या ओट्यावर शेजारणींबरोबर बसणं गेलं. शेवटी खिडकी उरली. खिडकीतून खाली बोलायची, शेजारच्या बेन मान वर करून उत्तर द्यायच्या, आणि त्या बेन गेल्या तेव्हा तेही थांबलं. यातलं कुठलंच एका दिवसात झालं नाही. प्रत्येक वेळी एकच छोटी गोष्ट आम्ही तिच्या हातातून मायेने काढून घेतली आणि तिने दिली, आणि जितकी ती बसली तितके पाय वाळत गेले, आणि जितके पाय वाळले तितकं उठताना जास्त दुखलं, आणि आम्ही म्हणायचो बघ, दुखतंय ना, म्हणून तर सांगतो बस तू.

आई २०१९ मध्ये गेली. हृदयाचं निमित्त झालं, गुडघ्यांचं नाही. पण शेवटच्या नऊ वर्षांत तो दादर ती किती वेळा उतरली ते मी बोटांवर मोजू शकते, आणि मी तर आकडे विसरणारी बाई नाही.

बरं, तरीही हे सगळं मला तेव्हा माझ्या स्वतःच्या गुडघ्याशी जोडता आलं नाही. त्याला पूर यावा लागला. ऑगस्ट २०२४, जन्माष्टमीच्या सुमारास जो पाऊस पडला आणि विश्वामित्री नदी शहरात आली, तो पूर बडोद्यात कुणीच विसरलेलं नसेल, मगरी रस्त्यांवर आल्या होत्या. आमचं टेनामेंट, म्हणजे अंगणाचं छोटं घर, नदीपासून फार लांब नाही. रात्री पाणी अंगणात आलं आणि आम्ही तिघांनी खालचं सामान वर न्यायला सुरुवात केली, गहू तांदळाचे डबे, गॅसची बाटली, कागदपत्रं, आईचा फोटो, गाद्या. पंधराच पायऱ्या आहेत आमच्या, मी किती खेपा घातल्या माहीत नाही, वीस तरी असतील. आणि साधारण आठव्या नवव्या खेपेला एक गोष्ट लक्षात आली जी मी नंतर कितीतरी दिवस मनात घोळवत होते. गुडघा दुखत होता हो, पण मला थांबवत होती ती मांडी. मांडी थरथरत होती, पाय उचलला जात नव्हता, उतरताना गुडघा एकदम सुटायचा जणू मध्ये कुणी धरायलाच नाही. सहा महिने मी जो पाय जपून ठेवला होता त्यात ऐन गरजेच्या वेळी काहीच शिल्लक नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजून नारळाएवढा झाला, खाली कमरेएवढं पाणी, आणि मी वर गादीवर पाय उशीवर ठेवून पडलेली, आणि लेक म्हणाली, "आई, बस तू, मी आणते." तेव्हा मला माझी आई दिसली, त्या खिडकीत.

पाणी उतरलं, चिखल निघाला, सप्टेंबरमध्ये मी ती पर्समधली घडी उघडली आणि फिजिओकडे गेले. तिशीतली मुलगी, गुजराती, बोलायला स्पष्ट. तिने मला एका खुर्चीवर बसवलं, हात छातीवर बांधायला लावले आणि घड्याळ लावलं, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं बघू. माझ्या सात झाल्या. ती म्हणाली साठी ओलांडलेल्या बायकांना साधारण १२ ते १७ जमतात. मी एकोणपन्नासची. मी तिला सांगितलं की मी तर खूप जपतेय गुडघे, सहा महिने आराम दिलाय. तिने मान हलवली आणि म्हणाली, "पगने आराम नहीं, काम आपो, बेन." पायाला आराम नको, काम द्या.

मग तिने जे समजावलं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर असं फार वाटतं, म्हणून इथे नीट लिहिते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. बाकी अंगाला रक्तातून जे पोचतं ते तिला तसं पोचत नाही, तिचं पोषण सांध्यातल्या त्या दाट चिकट पाण्यातून होतं आणि ते पाणी आतबाहेर व्हायला दाब लागतो. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते, उचलला की मोकळी होते, स्पंजासारखी, आणि त्यातून तिचं खाणंपिणं चालतं. म्हणजे माझं चालणं हेच तिचं जेवण, आणि मी सात महिने तिला जपते असं म्हणत उपाशी ठेवत होते. कूर्चेत दुखण्याच्या नसाही नसतात, दुखतं ते आजूबाजूचं हाड, सांध्याचं अस्तर, स्नायू, त्यामुळे एक्सरेत जितकी झीज दिसते तितकंच दुखेल असं काही नाही, एक्सरे वाईट आणि माणूस मजेत चालतोय असंही असतं आणि साधा एक्सरे आणि माणूस रडकुंडीला असंही असतं. आणि मांडीचा पुढचा मोठा स्नायू हा गुडघ्याचा सांभाळणारा, पाऊल पडताना जो धक्का येतो तो आधी त्याने झेलायचा. तोच अशक्त झाला की सगळा धक्का सरळ सांध्यात. म्हणजे मशीनचा नियम इथे चालतच नाही. मशीन वापरलं की झिजतं एवढंच त्याला कळतं, गुडघा जिवंत आहे, त्याला काम दिलं की त्याच्या आजूबाजूचं सगळं त्या कामाच्या मापाने तयार होतं. गेलेली कूर्चा व्यायामाने परत उगवत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मला ते आवडलं, कारण तिथे खोटी आशा नव्हती. पण दुखणं कमी होतं, जिना जमतो, आणि पुढची घसरण हळू होऊ शकते.

व्यायाम म्हणाल तर अगदी साधे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायचा आणि पाच मोजायचे. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, हा कंबरेच्या बाजूच्या स्नायूसाठी, तो मला सगळ्यात जड गेला. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, हे मी कुकरच्या शिट्ट्या मोजताना करते. आणि खुर्चीवरून उठबस, हात न टेकता, सावकाश, खाली बसताना चार मोजत. आठवड्यातून तीन दिवस हे, आणि चालणं रोज, पहिल्या आठवड्यात फक्त दहा मिनिटं.

ती उठबस करताना मला माझे आजोबा आठवले. आजोबा तरुणपणी प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात जायचे, जुम्मादादा व्यायाम मंदिरात, घरापासून जवळच. म्हातारपणीसुद्धा सकाळी बनियनवर, दादराचा तो दोर एका हाताने धरून बैठका काढायचे, आम्ही शाळेचे बूट घालत असायचो आणि ते मोजत असायचे, एकवीस, बावीस. वयाबरोबर त्यांनी त्या कमी केल्या, खाली जाणंही कमी केलं, शेवटी शेवटी अर्ध्यावरूनच वर यायचे, पण सोडल्या नाहीत. आमच्या घरात पुरुषांनी बैठका काढल्या आणि बायकांनी दादर चढला उतरला, आणि आम्ही मायेपोटी आईकडून तेवढाही दादर काढून घेतला. ते मला फिजिओच्या त्या लहानशा खोलीत खुर्चीवरून उठताना कळलं आणि डोळे भरून आले, ती मुलगी बिचारी विचारत होती की बहु दुखे छे?

दुखण्याचा हिशोब कसा ठेवायचा तेही तिने शिकवलं, आणि ते सगळ्यात कामाचं. व्यायाम करताना दहातले तीन चार इतकं दुखलं तर चालतं, घाबरून थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आधीपेक्षा जास्त दुखत असेल किंवा सूज असेल तर काल जास्त झालं, आज कमी करायचं, पण शून्य करायचं नाही. मी वहीत लिहायला लागले, तारीख, मिनिटं, दुखणं दहापैकी किती. पहिले पंधरा दिवस काहीच फरक नव्हता उलट मांड्या ठणकत होत्या, तिसऱ्या आठवड्यात मी जवळजवळ सोडणार होते. सातव्या आठवड्यात एक दिवस ऑफिसच्या जिन्यावरून उतरताना फोनवर बोलत होते आणि खाली पोचल्यावर लक्षात आलं की मी पायऱ्या मोजल्याच नाहीत.

मधल्या काळात लोकांनी काय काय सांगितलं. तेल सांगितलं, ते मी लावते, बरं वाटतं, शेकही घेते, त्यात काही वाईट नाही. ग्लुकोसामीनच्या गोळ्या सांगितल्या, त्यावर २००६ मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि सगळे पेशंट मिळून पाहिले तर साध्या खोट्या गोळीपेक्षा ठोस जास्त फायदा दिसला नव्हता, म्हणून मी घेतल्या नाहीत. एका क्लिनिकमध्ये मला रक्तातल्या प्लेटलेट्स काढून गुडघ्यात टोचायचं पॅकेज सांगितलं, तीन इंजेक्शनं, आणि "कूर्चा नवीन येईल" असं तोंडभरून म्हणाले. मला याचा खरंच राग येतो. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर याची चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली, निम्म्यांना प्लेटलेट्स आणि निम्म्यांना मिठाचं पाणी, वर्षभराने दुखण्यातही फरक नाही आणि कूर्चेतही नाही. पैसे माझ्याकडे आहेत म्हणून मी विचारात तरी पडू शकले, पण त्याच बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या मावशी पोरीच्या लग्नाच्या पैशातून देणार होत्या. दुर्बिणीने गुडघा आतून धुऊन काढणं हेही कुणी सुचवलं तर आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारा, नुसत्या झिजेसाठी त्याचा उपयोग होत नाही हे २००२ मध्येच दिसलं होतं, खोटं ऑपरेशन केलेल्या लोकांइतकंच बरं वाटलं होतं खऱ्यांना. पेनकिलर गोळ्या मी अगदी वाईट दिवशी आणि डॉक्टरांना विचारूनच घेते, मला बीपी आहे, त्या गोळ्यांनी पोट, किडनी, बीपी तिन्हींवर भार येतो. जेल मात्र नियमाने लावते, गुडघ्यासारख्या वरवरच्या सांध्याला ते पोचतं आणि अंगात फार जात नाही.

वजनाचं थोडक्यात सांगते. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, २००५ सालचा अभ्यास आहे. माझं ७४ होतं, वर्षभरात ६९ झालं, म्हणजे पावलामागे वीस किलो, एक छोटी गव्हाची गोणी. हा आकडा मला ज्या दिवशी कळला त्या दिवसापासून मला कुणी डाएट कर म्हणायची गरज पडली नाही. बडोद्यात फरसाण सोडणं कठीण, शेवउसळ तर आपलीच, पण मी रविवारी एकदा खाते आणि पाव एकच. रात्रीचा भात कमी केला, मूग मटकी वाढवली. एवढंच.

२०२४ च्या नवरात्रात मी खेळले नाही, व्यायाम सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. मैदानावर मात्र रोज गेले आणि बसले नाही, कडेकडेने चालत राहिले. २०२५ मध्ये, सप्टेंबरच्या २२ तारखेला घट बसले, आणि मी पहिल्या रात्री बाहेरच्या वर्तुळात शिरले. दोन ताळी, म्हणजे दोन टाळ्यांचा साधा गरबा, सावकाश, पंचवीस मिनिटं. पाय रोवून गिरकी घेत नाही आता, ते गुडघ्याला सगळ्यात जास्त लागतं, पाय उचलून छोटी पावलं टाकत वळते. माझ्या पुढच्या बेन वेगाने निघून जातात, जाऊ देत. एक रात्र खेळायचं एक रात्र नाही अशा पाच रात्री खेळले, मधल्या एका सकाळी दहापैकी पाच दुखलं, दुसऱ्या दिवशी दोनवर आलं. वहीत आहे.

अजूनही दुखतं, हे मी लपवत नाही. पावसाळ्यात जास्त वाटतं, लग्नात दोन तास एका जागी उभं राहिले की नक्की, मांडी घालून पंगतीत बसणं मी सोडलंय. गुडघा कटकट वाजतो, नुसता आवाज असेल आणि दुखत नसेल तर त्याला घाबरायचं कारण नाही हे आता माहीत आहे. पण गुडघा एकदम सुजला, गरम लाल झाला, ताप आला, मध्येच अडकून सरळच होईना किंवा चालताना पाय निसटायला लागला तर ते नेहमीचं समजून तेल लावत बसू नका, लगेच डॉक्टर. आणि झीज फार पुढे गेलेली असेल तर ऑपरेशनचीही भीती धरू नका. आईला २०१२ मध्ये सांधा बदलायला सांगितलं होतं. आम्ही घाबरलो, या वयात कशाला म्हणालो, ती तेव्हा बासष्टची होती फक्त. बदललेल्या दहातले आठ गुडघे पंचवीस वर्षं टिकतात असा मोठा अभ्यास ती गेली त्याच वर्षी आला. ते वाचून मी रात्रभर झोपले नाही.

घरात मी आता सांगून ठेवलंय की मला बस म्हणायचं नाही. लेकीला आधी वाईट वाटलं, तिला वाटलं मी रागावले. मग तिला सगळं सांगितलं, आजीचं, खिडकीचं, आणि म्हटलं तुला माझ्यासाठी काही करायचंच असेल तर माझ्याबरोबर चालायला चल. ती येते, रविवारी, कमाटीबागेत, पूर्ण फेरी. तिच्या चालीने मला जमत नाही, ती पुढे जाते आणि पुलावर थांबते.

दिवाळीनंतर भाऊ सुरतेहून आला. दांडिया बाजारचं घर आता द्यायचं ठरलंय, वरचं कपाट रिकामं करायचं होतं. तो म्हणाला, तू खाली थांब, मी काढून आणतो. मी म्हटलं नको, मी येते. दोर अजून तसाच होता, फक्त धुळीने भुरा झालेला. चढताना चांगला पाय आधी, म्हणून डावा वर, मग उजवा त्याच पायरीवर, अशा सतरा. आईच्या कपाटात तिच्या दोन नऊवारी, तिचे देव गुंडाळलेलं फडकं, आणि एक भाजीची पिशवी निघाली, धुऊन घडी करून ठेवलेली. मी ती खांद्याला लावली. उतरताना दुखरा पाय आधी. दोराला हात लावला, उजवा पाय खाली टेकवला, डावा आणला, पुन्हा उजवा. खाली ओट्यावर आता कुणीतरी स्कूटर लावतं. भाऊ वर सामान बांधत होता, त्याने विचारलं जमलं का, मी म्हटलं हो, आणि वर राहिलेला दुसरा गठ्ठा आणायला परत वळले.